दोन व्याह्यांचा दगड

दगडावर लिहिणाऱ्याला वाचक भेटत नाही. वाचणारे रस्त्यानं जाता-येता वाचतात, पण थांबून "यशवंता, लई झकास लिहिलंस" म्हणणारा मला चाळीस वर्षांत एकच भेटला आणि तो माझा सख्खा भाऊ होता. चूक मात्र आंधळ्यालाही दिसते. त्यामुळं अंकवाल्यांचा फोन आला, "तुमच्या धंद्याविषयी लिहा," तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "लिहिलेलं खोडता येतं काय?" ते म्हणाले, "येतं की." मग म्हटलं लिहितो. खोडता येणारं काहीतरी लिहायची ही माझी पहिलीच वेळ.

निपाणीत स्टँडच्या मागं आमचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याचा मांडव आणि पुढं अंगण. घरांच्या पाट्या, उद्घाटनाचे दगड, थडग्यावरचे दगड, मंडळांना वर्गणीदारांची नावं, असलं सगळं काम. काळा ग्रॅनाईट पॉलिश होऊन यायचा, त्यावर खडूच्या पाण्याचा हात फिरवायचा, वाळला की मी पेन्सिलीनं अक्षरं आखायचो. धाकटा भाऊ मिलिंद छिन्नीनं कोरायचा. माझी बायको शांता कोरलेल्यात रंग भरायची. आता यंत्र आलंय, संगणकावर टाइप केलं की अर्ध्या तासात दगड तयार. अक्षर सुबक येतं, मी नावं ठेवत नाही. पण यंत्र कुणाला काही विचारत नाही, आणि आमच्या दुकानात विचारल्याशिवाय पहिला घाव पडत नव्हता.

ही चाल आमच्या वडिलांपासनं. वडिलांनी एकदा एका शाळेच्या दगडावर देणगीदाराच्या नावामागं 'कैलासवासी' कोरलं. कुणीतरी तसं सांगितलं होतं. दगड न्यायला तो देणगीदार स्वतःच आलता. बरा धडधाकट, फेटा बांधून. त्यानं दगड वाचला, वडिलांकडं बघितलं आणि म्हणाला, "मला सांगायचं तरी, मी तयारीनं आलो असतो." तेव्हापासनं वडिलांनी नियम केला. पहिला घाव घालायच्या आधी अंगणात जो कोण असेल त्याला दगड वाचायला लावायचा आणि विचारायचं, "हाणू काय?" गिऱ्हाईक, भाऊ, बायको, शेजारचा सायकलवाला, सगळ्यांना. चहावाला बसाप्पा गोकाककडचा, त्याला मराठी वाचायला यायचं नाही, तरी त्यालाही विचारायचो. तो दगडाकडं गंभीर तोंड करून बघायचा आणि कन्नडमध्ये "होडी" म्हणायचा, म्हणजे हाण. मग मिलिंद हाणायचा.

दुसरी एक गोष्ट सांगून ठेवतो, ती पुढं लागेल. आपला मुलूख सीमेवरचा. पाटीवर मराठी का कन्नड, वर कोण आणि खाली कोण, कुणाची अक्षरं मोठी, यावरनं किती डोकी फुटली ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यावर आमच्या धंद्यात एक तोड होती. दगडाला दोन्ही अंगांनी पॉलिश करायचं, एका तोंडावर मराठी, दुसऱ्यावर कन्नड, आणि दगड उभ्या खोबणीत बसवायचा. एका गावात (नाव सांगत नाही, अजून तिथं माझं जेवणखाण आहे) पंचायतीतली मंडळी बदलली की दगड फिरायचा. साहेब येणार असला तरी फिरायचा. एकदा साहेब यायला आणि दगड निम्मा फिरायला एकच गाठ पडली. साहेबांनी बाजूनं दगडाची जाडी वाचली, "छान आहे" म्हणाले आणि पुढं गेले. असले दोन तोंडांचे दगड मी पाच-सहा तरी केलेत. मला वाटायचं ही लई मोठी अक्कल आहे.

आता मुख्य गोष्ट. ही अलीकडची, दुकान बंद करायच्या आदल्या वर्षातली.

एका सोमवारी भास्करमास्तर आले. निवृत्त मास्तर, माझ्या दोन्ही पोरांना त्यांनी मराठी शिकवलं. ख्रिस्ती माणूस, चर्चमध्ये उपदेशही करायचे. बोलणं इतकं शुद्ध की त्यांच्यासमोर मी कमी बोलायचो. त्यांची मुलगी रिबेका सरकारी दवाखान्यात नर्स. तिनं आणि जावयानं अक्कोळ रस्त्याला घर बांधलं होतं, येत्या रविवारी घरभरणी होती. मास्तरांना फाटकाजवळ लावायला दगड हवा होता.

"वर एक वचन हवं, यशवंतराव. शास्त्राच्या पहिल्याच पानावरचं. देव म्हणतो, आपण आपल्यासारखा माणूस घडवू." मास्तर जरा थांबले. "मुलीला सातवा महिना आहे. त्या घरात शोभेल."

मी लिहून घेतलं. खाली त्या दोघांची नावं आणि घर नंबर, असा साधा कागद केला.

मंगळवारी बेळगावच्या बसनं एलियाआप्पा आले. ते जावयाचे वडील. रेल्वेत नोकरी झालेली, बरीच वर्षं गुंजीला स्टेशनमास्तर, आता टिळकवाडीत राहायचे. आप्पा यहुदी. आपल्याकडं यहुदी म्हटलं की लोक परदेशी माणूस शोधतात. आप्पांचं घराणं कोकणातलं, कित्येक पिढ्या मराठी बोलणारं. शनिवारी कामाला हात लावायचा नाही, नवस फेडायचा तर पोहे-खोबऱ्याचा मलिदा करायचा, आणि भांडायचं ते मराठीत. आप्पा म्हणाले, "यशवंता, पोरांच्या घराला दगड पायजे. वर एक ओळ घाल. शास्त्राच्या पहिल्या पानावरची."

मी म्हटलं, "आपण आपल्यासारखा माणूस घडवू?"

आप्पा खुर्चीवरनं पडायचेच बाकी होते. "तुला रं कसं कळलं?" ख्रिस्ती बायबलाचा पहिला भाग म्हणजेच यहुद्यांचं शास्त्र, हे मला मास्तरांकडनं ठाऊक होतं.

मला खरंच आनंद झाला. कारण हे दोन व्याही दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. पोरांचं रजिस्टर लग्न झालं तेव्हा मास्तर आलेच नाहीत, आणि आप्पा आले पण जेवले नाहीत. पोरांपैकी कुणीच आपला धर्म सोडला नव्हता, दोघंही आपापलं पाळत होते, पण बापांची समजूत पटत नव्हती. रिबेकानं दोघांनाही निरोप धाडला होता: घरभरणीला दोघं एका वेळी दारात उभे राहिले तरच मी दार उघडीन, नाहीतर घराला कुलूप राहील. पोरगी मास्तरांचीच, बोललेलं करणारी. आणि आता दोघांनी न बोलता एकच ओळ निवडली होती. मी आप्पांना सांगितलं, "मास्तरांनीपण हीच दिलीय." आप्पांनी चष्मा पुसला. म्हणाले, "व्याही बरा माणूस आहे म्हणजे."

तिथंच मी कागदावर सही घेतली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी शहाणपणा केला. म्हटलं, दोघांना बुधवारी एकत्र बोलावू, समोरासमोर सही घेऊ, गोडीनं होऊन जाईल.

बुधवारी दोघं आले. नमस्कार झाला. बसाप्पानं चहा दिला. मास्तरांनी कागद वाचला, एक वेलांटी दुरुस्त केली आणि अगदी मोठ्या मनानं म्हणाले, "एलियासाहेब, तुम्ही हेच वचन निवडलंत याचं मला समाधान वाटलं. पित्यानं, पुत्रानं आणि पवित्र आत्म्यानं मिळून माणूस घडवला, हे तुम्हाला मान्य आहे म्हणजे पुष्कळच झालं."

आप्पांनी कप खाली ठेवला. "हे कुणी सांगितलं?"

"देवच सांगतो. आपण घडवू म्हणतो. एकटा असता तर मी घडवतो म्हणाला असता. तो कुणाशी बोलतोय?"

"दूतांशी," आप्पा म्हणाले. "भवती दूत उभे होते, त्यांना इचारलं. आणि पुढंच वाचा की, माणूस घडवला तो त्यानं एकट्यानं. इचारलं सगळ्यांना, केलं एकट्यानं."

"दूतांना? ‘आपल्यासारखा’ म्हणतो तो. माणूस दूतांसारखा केला? मग पंख कुठे आहेत?"

"मी शेजारणीला इचारलं, आमटीत मीठ बरोबर पडलं काय, म्हंजे आमटी तिनं केली व्हय?"

"तुम्ही आमटी करता?" मास्तरांना खरंच नवल वाटलं.

आप्पा म्हणाले, "विषय बदलू नका."

मग पुढं तास-दीड तास जे झालं ते मी सगळं सांगू शकत नाही, मला सगळं कळलंही नाही. मास्तर म्हणाले, पुढं एके ठिकाणी देव म्हणतो, चला, आपण खाली उतरू. तिथं कोण होतं? आप्पा म्हणाले, "साहेब तपासणीला एकटा उतरतो काय? गुंजीला मोठा साहेब यायचा तर डब्यातनं आठ माणसं उतरायची. म्हणून साहेब आठ व्हत न्हाईत. साहेब एकच." मास्तर म्हणाले, रेल्वेची उपमा देवाला लावू नये. आप्पा म्हणाले, रेल्वेला नावं ठेवू नये.

पण दोघंही नुसते हट्टी होते असं समजू नका. मला जे कळलं ते मी लक्षात ठेवलंय. आप्पा मला म्हणाले, "यशवंता, त्याला कुणाला इचारायची गरज न्हवती. त्याच्यापेक्षा मोठा हाय कोण? तरी लहानांना इचारलं. मोठ्यानं धाकट्याला इचारावं, हे आपल्याला कळावं म्हणून. चुकीचा अर्थ काढणारे काढतील हे काय त्याला ठाऊक न्हवतं? तरी तसंच लिहू दिलं. रीत मोठी."

आणि मास्तर म्हणाले, "यशवंतराव, प्रीती एकट्याला करता येत नाही. सृष्टी नव्हती, दूत नव्हते, तेव्हाही देवाच्या ठायी प्रीती होती, कारण तो एक असूनही एकाकी नव्हता. त्या प्रीतीतून माणूस आला. विचारपूस ही रीत झाली, पण प्रीती हा जीव आहे."

मला दोन्ही पटलं. आमच्या आज्ज्यानं बौद्ध धम्म घेतला तेव्हापासनं देव एक का तीन हा प्रश्न आमच्या घरात मिटलेला आहे, त्यामुळं मला दोघांचंही ऐकायला काही अडचण नव्हती. पण दोघांना मी पंच हवा होतो. मास्तरांनी मांडवात बोट फिरवलं. "हेच बघा. तुम्ही आखता, मिलिंद कोरतो, शांताबाई रंग भरतात. तिघं आहेत, पण दगड एक आणि काम एक. मी वेगळं काय सांगतोय?"

"चूक," आप्पा म्हणाले. "दुकान यशवंताचं. मालक एकच. पण घाव घालायच्या आधी सगळ्यांना इचारतो, चहावाल्यालासुद्धा. मी तरी वेगळं काय सांगतोय?"

मागनं शांतानं ब्रश खाली ठेवल्याचा आवाज आला. "मालक कोण म्हणालासा?"

मी खडूच्या पाण्याचं डबडं उचललं आणि नळाकडं गेलो.

शेवटी तडजोड म्हणून मास्तरांनी वचनाखाली तीन वर्तुळं मागितली, एकात एक गुंफलेली. आप्पांना दगडावर कसलंही चित्र नको होतं. त्यांना वचनाखाली ओळ हवी होती, 'देव एकच आहे.' मास्तर म्हणाले, वाक्य मला मान्य आहे, पण ते ज्या हेतूनं घालताय तो मान्य नाही. आप्पा म्हणाले, हेतू कुठं कोरायला सांगितलाय, ओळच कोरायचीय. आणि जाता जाता दोघांनी वेगवेगळं मला ऐकवलं. माझ्या मनासारखं झालं नाही तर रविवारी मी येणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, रिबेकाला फोन करायचा. साधी गोष्ट. ती मला सुचली नाही. मला सुचला तो आमचा सीमेवरचा तोडगा. दगड दोन्ही अंगांनी पॉलिश करून घेतला. एका तोंडावर वचन आणि तीन वर्तुळं, दुसऱ्या तोंडावर वचन आणि 'देव एकच आहे.' मास्तरांना फोनवर सांगितलं, तुमचं तोंड रस्त्याकडं. आप्पांनाही सांगितलं, तुमचं तोंड रस्त्याकडं. दोन्ही वेळा मी खोटं बोललो असं वाटत नव्हतं, कारण फिरता दगड होता. मास्तरांना वर्तुळं मोठी हवी होती, आप्पांना ओळ ठळक हवी होती. जागा पुरेना म्हणून मी खालचा मजकूर सध्यापुरता पुसला, मागनं बघू म्हटलं.

गुरुवारी रिबेकाचा नवरा दावीद आला. पोरगं गुणी, बेळगावच्या उद्यमबागला फाउंड्रीत इंजिनिअर. त्याला मी दोन्ही तोंडांचा कागद दाखवला. त्यानं वाचला आणि कपाळाचा घाम पुसून म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, काका." दोन वर्षं तो बायकोला, बापाला आणि सासऱ्याला हेच म्हणत असणार. मग मी रिवाजाप्रमाणं सगळ्यांना विचारलं. मिलिंद म्हणाला हाणतो, शांता म्हणाली हाणा, सायकलवाला म्हणाला हाण की. बसाप्पानं एका अंगानं बघितलं, दुसऱ्या अंगानं बघितलं आणि म्हणाला, "होडी." मिलिंदनं हाणलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही तोंडं झाली. अक्षर असं उतरलं होतं की मीच दहा वेळा हात फिरवला.

माझा हिशेब असा होता की शनिवारी आप्पा घराबाहेर पडणार नाहीत, रविवारी सकाळी मास्तर चर्चमध्ये, तेवढ्यात दगड बसवून टाकू. तेव्हा काळजी फक्त शुक्रवारची होती. शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास मास्तर एका अंगानं आले, आप्पा दुसऱ्या अंगानं आले, आणि दगड मधोमध अंगणात ठोकळ्यांच्या आधारानं उभा. मास्तरांनी आपली बाजू वाचली, मान डोलावली. आप्पांनी आपली बाजू वाचली, मान डोलावली. मग दोघांनीही एकमेकांच्या तोंडावरचं समाधान बघितलं, आणि दोघांनाही ते संशयास्पद वाटलं.

दोघं दगडाला वळसा घालून पलीकडं गेले.

"हे काय आहे, यशवंतराव?" मास्तरांनी असं विचारलं की मला पाचवीतल्यागत हात पुढं करावासा वाटला. आप्पा तर माझ्याकडं बघेनात. "तुला मी शहाणा समजत होतो," एवढंच म्हणाले. मी सांगायला लागलो की बाबा असला दगड आपल्याकडं चालतो, फिरवता येतो. मास्तर म्हणाले, "देवाचं वचन फिरवायचं?" आयुष्यात पहिल्यांदाच आप्पा म्हणाले, "मास्तरांचं बरोबर हाय." माझ्याविरुद्ध का होईना, एकमत झालं. पण पुढच्याच दमाला दोघांनी रविवार मोडला. आप्पा म्हणाले मी येत न्हाय, मास्तर म्हणाले मीही येत नाही. त्या पोरीचं घर माझ्या दगडापायी बंद राहणार होतं.

"मी कधीची आलेय," मागनं आवाज आला.

रिबेका फाटकात उभी होती. दावीदनं सांगितलं असणार, रात्रपाळी करून तशीच आली होती, हातात डबा, पाय सुजलेले. किती वेळ उभी होती कुणाला ठाऊक. शांतानं धावत जाऊन खुर्ची दिली. ती बसली नाही. दगडाजवळ आली, एक तोंड वाचलं, हळूहळू पलीकडं जाऊन दुसरं वाचलं. मग खाली वाकायचा प्रयत्न केला, ते जमेना, म्हणून मलाच म्हणाली, "काका, खाली बघा बरं. आमची नावं कुठायत?"

मी बघितलं. नावं नव्हती. घर नंबरही नव्हता. वर्तुळांना आणि ओळीला जागा करताना मीच पुसलं होतं आणि विसरलो होतो. मास्तरांनी वेलांट्या तपासल्या, आप्पांनी चार वेळा वाचलं, दावीदनं वाचलं, मी सायकलवाल्याला विचारलं, कन्नड चहावाल्याला विचारलं. घर जिचं तिला एकानंही विचारलं नव्हतं. चाळीस वर्षं मी त्या रिवाजाचा तोरा मिरवला. त्या दिवशी मला माझी लाज वाटली, आणि अजून वाटते.

रिबेका आवाज न चढवता बोलली. "आप्पा, तुमचा देव माणूस घडवायच्या आधी दूतांना विचारतो. पप्पा, तुमचा देव तिघांत प्रीतीनं ठरवतो. दोघांच्याही देवाला माणूस घडवायच्या आधी कुणाशी तरी बोलावंसं वाटलं." तिनं पोटावर हात ठेवला. "इथं मी सात महिने माणूस घडवतेय. तुम्ही दोघांनी मला एकदा तरी विचारलंत का, कशी आहेस?"

बसाप्पाला सगळं कळलं नसेल, पण त्यानं चहाची किटली खाली ठेवली. मास्तरांनी शांतानं आणलेली खुर्ची मुलीजवळ सरकवली. आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"कशी हायस गं?" आप्पांनी विचारलं.

"पाय दुखतायत," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. मग मात्र दोघांनी विचारण्याचा असा सपाटा लावला की तिला उत्तर द्यायला फुरसत मिळेना. चहा घेतेस काय, उलटी होते का, डॉक्टर काय म्हणाले, लोणचं पाठवू का. मास्तर म्हणाले लिंबाचं पाठवतो, आप्पा म्हणाले आमच्यात कैरीचं चांगलं होतं, आणि मला वाटलं आता लोणच्यावर सुरू होतंय. शांतानं डोळे वटारले तेव्हा दोघं गप्प झाले. मास्तर मुलीच्या बाजूला ठोकळ्यावर बसले. मी त्यांना ठोकळ्यावर बसलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

ती जायला निघाली तेव्हा मी रिबेकाला विचारलं, "ताई, या दगडाचं काय करू?"

"फाटकाच्या आत, आंब्याखाली उभा करा. दोन्ही तोंडं दिसू देत. दोघं तिथं बसून भांडतील, मला जेवण करायला मोकळीक मिळेल. आणि फाटकाला नवीन करून द्या. नुसती आमची नावं." शनिवारी तो दुसरा दगड केला. त्याचं काम पैसे न घेता केलं, आणि घाव घालायच्या आधी फक्त तिलाच फोन करून विचारलं.

रविवारी दुपारी मी, मिलिंद आणि शांता दगड बसवायला गेलो होतो. चर्च सुटल्यावर मास्तर आले, आप्पा आधीच मलिद्याचं ताट घेऊन ओसरीवर. दोघं दाराशी उभे राहिले तेव्हा रिबेकानं कुलूप काढलं. मास्तरांनी छोटी प्रार्थना केली. मग आप्पांनी पिशवीतनं बोटाएवढी लाकडी नळी काढली. तिच्यात शास्त्राच्या ओळी लिहिलेलं कातडं असतं, ती यहुदी लोक दाराच्या चौकटीला उजव्या बाजूला ठोकतात. आप्पा खिळा धरायला गेले तर हात थरथरत होता. खिळा खाली पडला. दावीद वाकला, पण मास्तर आधी वाकले. त्यांनी खिळा उचलला, नळी चौकटीवर तिरकी टेकवली, आप्पांनी बोटानं दाखवलं तशी, आणि चिमटीत खिळा धरून म्हणाले, "मारा."

आप्पा बघत राहिले. "हात हलतोय माझा, मास्तर."

"मी धरलंय ना. मारा."

मी चाळीस वर्षं हातोडीजवळ काढलीत. थरथरत्या हाताच्या पुढ्यात बोट कसं धरतात आणि त्याला काय लागतं ते मला ठाऊक आहे. पहिला घाव खिळ्यावर बसला. दुसरा सरळ मास्तरांच्या अंगठ्यावर.

आप्पांनी हातोडी सोडलीच. "लागलं?"

"नाही, नाही," मास्तर म्हणाले. नखाखाली रक्त साकळत चाललं होतं, मला तिथनं दिसत होतं. त्यांनी खिळा सोडला नाही. "लागलं नाही. मारा तुम्ही."